नवी टाकी, पहिले सहा आठवडे: वाचकांचे प्रश्न

गोड्या पाण्याची नवी टाकी मांडताना पडलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांच्या मुळाशी एकच अडचण आहे. टाकी दिसायला तयार असते, पण आतल्या जिवाणूंचे बस्तान अजून बसलेले नसते. त्यामुळे त्याविषयीची उत्तरे सविस्तर आहेत, बाकीची थोडक्यात.

प्रश्न: ६० × ३० × ३६ सेंटिमीटरची काचेची टाकी घेतली आहे. ती कशावर ठेवावी, खडी किती घालावी आणि फिल्टर, हीटर केवढे घ्यावेत?

उत्तर: मापांचा गुणाकार केला तर ही टाकी जवळजवळ ६५ लिटरची होते. पण तळाला खडी आणि वर दोन बोटे मोकळी जागा गेली की प्रत्यक्षात पाणी ५० लिटरच्या आसपासच बसते. औषध, मीठ, अमोनिया, कशाचेही माप काढताना हे ५० लिटर धरा. ६५ धरलेत तर प्रत्येक डोस ३० टक्के जास्त पडेल. पहिल्यांदा भरताना बादल्या मोजा आणि आलेला आकडा टाकीच्या मागच्या काचेवर चिकटवून ठेवा. तो पुढे सतत लागतो.

भरलेली टाकी ७५ ते ८० किलोंची होते, म्हणून साध्या टेबलावर किंवा पुस्तकांच्या मांडणीवर ती ठेवू नका. स्टँड भक्कम आणि समतल हवा. पाव टाकी भरल्यावर चारही कोपऱ्यांत पाण्याची उंची पट्टीने मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर टाकी रिकामी करून स्टँडच्या पायाखाली पाचर द्या. पाचर टाकीच्या काचेखाली कधीच नको, कारण मग सगळा भार एका बिंदूवर येतो आणि तळकाच तडकते. टाकीला खालून चौकट नसेल तर तळाखाली थर्माकोलचा किंवा फोमचा अखंड तुकडा घाला. चौकटीच्या टाकीला तो नको. तिचा भार कडांवर असतो, आणि फोम मध्ये फुगला तर तोच तळकाचेला वर ढकलतो. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते अजून वाळलेले नाही. वास गेल्यावर टाकी भरून खाली कोरडा कागद पसरा आणि २४ तास थांबा. मगच पुढची मांडणी.

खडी ज्वारीच्या दाण्याएवढी, दोन ते चार मिलिमीटरची, साडेचार-पाच सेंटिमीटर थराला पुरेल इतकी, म्हणजे १२-१३ किलो. बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. साबण अजिबात नको. सजावटीच्या दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर तो चुनखडीचा किंवा संगमरवराचा आहे आणि पाण्याची कठीणता हळूहळू वाढवत राहील. शिंपले आणि प्रवाळही त्यातच आले.

फिल्टरमधून ताशी टाकीच्या चार ते सहा पट पाणी फिरावे, म्हणजे २०० ते ३०० लिटर. खोक्यावरचा आकडा आत स्पंज वगैरे काही नसतानाचा असतो, म्हणून ३०० ते ४०० लिटर लिहिलेला घ्या. हीटर साधारण लिटरला एक वॅट, म्हणजे ५० वॅटचा. खोली फार थंड राहत असेल तर १०० वॅटचा. पाणी बदलण्याआधी वीस मिनिटे तो बंद करा. गरम काच उघडी पडली की फुटते. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये न शिरता झोक्याच्या तळाशी गळून पडते. आणि एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवणार असाल तर नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवाच. नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी नळीतून उलटे पंपात उतरते.

प्रश्न: नळाचे पाणी दोन दिवस बादलीत ठेवून वापरले तर चालते ना?

उत्तर: पाण्यात नुसता क्लोरिन असेल तर चालते. उघड्या तोंडाच्या भांड्यात तो एक-दोन दिवसांत उडून जातो आणि एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडला तर आणखी लवकर. पण काही ठिकाणी पाणी क्लोरामाइनने शुद्ध केलेले असते. क्लोरामाइन म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाची जोडगोळी. ती आठवडाभर ठेवूनही नीट उडत नाही. तुमच्या पाण्यात काय आहे ते पाणीपुरवठा विभागाला विचारा. खात्री होत नसेल तर दर वेळी डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरिन घालवणारे औषध, वापरा.

सोडियम थायोसल्फेटचे खडे हा सर्वांत साधा डीक्लोरिनेटर. एक मिलिग्रॅम क्लोरिनला साधारण सात मिलिग्रॅम खडे लागतात. दहा ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर द्रावण केले तर त्याच्या एका मिलिलिटरने २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) क्लोरिन असलेले सात लिटर पाणी निर्धोक होते. फक्त लक्षात ठेवा, थायोसल्फेट क्लोरामाइनमधला क्लोरिन मारतो आणि अमोनिया मोकळा सोडतो. टाकी सायकल झालेली, म्हणजे जिवाणूंचे बस्तान बसलेली असेल तर तो अमोनिया जिवाणू संपवतात. नव्या टाकीत मासे असतील तर मात्र अमोनियाही बांधून ठेवणारा डीक्लोरिनेटर घ्यावा.

प्रश्न: ‘टँक सायकल करा’ म्हणजे नेमके काय करायचे? काही जण म्हणतात फिल्टर दोन दिवस चालवला की पुरे.

उत्तर: दोन दिवसांत पाणी नितळ होते, तयार होत नाही.

मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. टाकीतून तो बाहेर जायला वाट नसते. एका गटाचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक. नायट्रेट बराच सौम्य असतो आणि पाणी बदलून तो आटोक्यात राहतो. हे दोन्ही गट पुरेशा संख्येने वाढेपर्यंतचा काळ म्हणजे सायकल.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, सिरॅमिक रिंग, खडी, काच, पाने यांवर ते चिकट पापुद्रा करून राहतात आणि सर्वांत दाट असतात फिल्टरमध्ये, कारण अन्न आणि प्राणवायू घेऊन पाणी तिथूनच सतत वाहते. कुजवणारे जिवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. या मंडळींना त्यासाठी बरेच तास, कधी पूर्ण दिवस लागतो. म्हणूनच दोन दिवसांची गोष्ट चार ते सहा आठवड्यांवर जाते. पाणी २७-२८ अंश सेल्सिअस ठेवले तर वेग बरा राहतो, २० अंशांखाली फारच मंदावतो.

अनेक जुन्या पुस्तकांत नायट्राइट संपवण्याचे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलेले आढळेल. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्यांतल्या जिवाणूंचा जनुकीय तपास झाला, तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा करतात असे दिसले. २०१५ साली तर अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंत सगळे काम एकटे करणारे नायट्रोस्पायराही सापडले. बाटलीतले जिवाणू विकत घेताना ही माहिती उपयोगी पडते. त्याविषयी पुढे येईलच.

प्रश्न: मासे न सोडता सायकल करायची आहे. अमोनिया किती, कधी आणि कुठवर घालायचा?

उत्तर: हीच पद्धत आम्ही सुचवतो. माशांचे हाल होत नाहीत आणि शेवटी टाकीची ताकद किती आहे हे आकड्यात कळते.

शुद्ध अमोनियम क्लोराइडची पूड घ्या. सफाईसाठी मिळणारा द्रव अमोनिया टाळा. त्यात साबण किंवा सुगंध असण्याची शक्यता असते. दहा ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर द्रावण करा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. अमोनियम क्लोराइडच्या वजनात जेमतेम ३२ टक्के अमोनिया असतो, म्हणून या द्रावणाच्या दर मिलिलिटरमध्ये ३.२ मिलिग्रॅम अमोनिया आहे. ५० लिटर पाण्यात २ पीपीएम आणायला १०० मिलिग्रॅम लागतो, म्हणजे ३१ मिलिलिटर द्रावण. तुमच्या टाकीत पाणी वेगळे असेल तर त्याच प्रमाणात कमी-जास्त करा.

डीक्लोरिनेट केलेले पाणी, फिल्टर चालू, हीटर २८ अंशांवर, एअर स्टोन सोडलेला, दिवा बंद. डोस घाला, तासाभराने पाणी तपासण्याच्या किटने अमोनिया तपासा. दोनच्या आसपास आला की माप बरोबर आहे. काही किट अमोनिया दाखवतात, काही अमोनिया-नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारच्या किटवरचे १.६ म्हणजे पहिल्यावरचे २, हे किटच्या कागदावर पाहून घ्या. जास्त अमोनियाने जिवाणू लवकर वाढतात असा समज आहे. तसे होत नाही. चार-पाच पीपीएमच्या वर गेलात तर उलट काम रेंगाळते.

पहिला आठवडाभर बहुधा काहीच हलत नाही. वही काढा आणि दर दोन दिवसांनी रीडिंग लिहा. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसतो. अमोनिया अर्ध्या पीपीएमखाली आला की पुन्हा २ पीपीएमचा डोस. अमोनिया रोज संपू लागला की मात्र हात आवरा. आता दोन-तीन दिवसांतून एकदाच डोस द्या, कारण पुढचा टप्पा नायट्राइटचा आहे आणि तो सावकाश चालतो.

शेवटची कसोटी अशी: २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. लागोपाठ दोन दिवस हेच आले म्हणजे सायकल झाली. महिना पूर्ण झाला म्हणून टाकी तयार झाली असे समजू नका. आम्ही तीन आठवड्यांत तयार झालेल्या टाक्या पाहिल्या आहेत आणि नऊ आठवडे घेतलेल्याही.

मासे आणण्याआधी नायट्रेट उतरवा. दोन पीपीएमचे बारा डोस पचले असतील तर सुमारे ८५ पीपीएम नायट्रेट साठलेला असतो. ८० टक्के पाणी बदलले की तो १७-१८ वर येतो. एवढे पाणी काढले तरी जिवाणू जात नाहीत, ते पृष्ठभागांवर असतात. नवे पाणी डीक्लोरिनेट केलेले आणि टाकीइतकेच कोमट असले म्हणजे झाले. मासे आणायला उशीर होणार असेल तर तोवर आठवड्यातून दोनदा एक पीपीएमचा डोस देत राहा.

प्रश्न: अमोनिया एका दिवसात शून्य होतो, पण नायट्राइट तीन आठवडे जांभळाच. काय चुकते आहे?

उत्तर: बहुधा काही चुकलेले नाही, फक्त साठा फार झाला आहे. एक पीपीएम अमोनियापासून २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतो. तुम्ही रोज २ पीपीएम अमोनिया घालत असाल तर रोज ५.४ पीपीएम नायट्राइटची भर पडते. आठवड्यात ती ३७-३८ होते. बाजारातल्या बऱ्याच किटचा तक्ता पाचवर संपतो. त्यामुळे नायट्राइट चाळीसवरून वीसवर आला तरी ट्यूबमधला रंग तुम्हाला तोच दिसतो.

ट्यूब नीट पाहा. प्रमाण मध्यम असेल तर थेंब टाकून हलवल्यावर रंग सावकाश चढतो. फारच जास्त असेल तर थेंब तळाला पोहोचता पोहोचताच तिथे गडद जांभळा डाग धरतो, झाकण लावायचीही वाट पाहत नाही. असे दिसले तर एक मिलिलिटर टाकीचे पाणी आणि नऊ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर एकत्र करा. त्या मिश्रणातून किटला लागते तेवढे घेऊन तपासा आणि आकड्याला दहाने गुणा. म्हणजे खरा आकडा कळेल.

उपाय सोपा आहे. निम्मे पाणी बदला, लागलेच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मे. मग अमोनियाचा डोस तिसऱ्या दिवशी एकदाच, तोही १ पीपीएमचा. चिमूटभर माशांचे खाद्यही टाका. जिवाणूंना फॉस्फेट लागतो आणि अतिशुद्ध पाण्यात तोच नसतो.

आणखी एक. या टप्प्यात नायट्रेटच्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. नायट्रेट किट आधी नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग रंग दाखवते, त्यामुळे पाण्यात असलेला नायट्राइटही त्यात मोजला जातो. त्याच किटची दुसरी बाटली वापरण्याआधी निदान अर्धा मिनिट जोरात हलवा. तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर नायट्रेट भरपूर असूनही शून्य दिसतो.

प्रश्न: सुरुवात छान झाली, पण अमोनिया १ वर अडून बसला आहे. पाणी आरओचे आहे. पीएच ६ दिसतो.

उत्तर: कारण तुमच्या पत्रातच आहे. अमोनियाचे नायट्राइट होताना आम्ल तयार होते आणि ते पाण्यातला बायकार्बोनेट खाते. किटवर तो ‘केएच’ म्हणून मोजला जातो. २ पीपीएम अमोनिया पचताना केएच सुमारे ०.६५ अंशाने घटतो. साध्या नळाच्या पाण्यात तो पाच-सहा अंश असेल तर आठ डोस आरामात निभतात. निव्वळ आरओच्या पाण्यात तो शून्य ते एक असतो, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या डोसातच खजिना रिकामा. त्यानंतर पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास काम जवळपास थांबते.

खाण्याचा सोडा वापरा, बेकिंग पावडर नव्हे. ५० लिटर पाण्यात दीड ग्रॅम सोड्याने केएच एक अंश वाढतो. साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर सोडा पेलाभर पाण्यात विरघळवून घाला आणि दुसऱ्या दिवशी केएच तीन-चारच्या आसपास आला का पाहा. टाकीत मासे असतील तर हे एकदम करू नये, दोन-तीन दिवसांत वाटून करावे. का, ते पुढच्या एका उत्तरात आहे. कायमचा मार्ग म्हणजे आरओच्या पाण्यात डीक्लोरिनेट केलेले नळाचे पाणी मिसळणे. निम्मे-निम्मे बहुतेक माशांना मानवते.

प्रश्न: चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. सगळे बदलू का?

उत्तर: नको. हे कुजवणारे जिवाणू आहेत, पाण्यात तरंगतात आणि चांगले अन्न मिळाले की एकदम उसळतात. पाणी बदलले तर पुन्हा उसळी येते. काही दिवसांत, फार तर आठवडा-दीड आठवड्यात ते आपोआप ओसरते. या काळात प्राणवायू जास्त खर्च होतो, म्हणून एअर पंप चालू ठेवा. भरल्या दिवशीच पाणी गढूळ असेल तर ती न धुतलेल्या खडीची धूळ. पाणी हिरवे असेल तर ते शेवाळ. त्याला दिवा सहा तासांवर आणणे आणि ऊन अडवणे हा उपाय.

प्रश्न: बाटलीतले जिवाणू घालून सायकल लगेच होते का?

उत्तर: काही बाटल्यांनी कालावधी खरोखर कमी होतो, काहींनी काहीच होत नाही. लेबल वाचा. नायट्रोसोमोनास (अमोनियाचे नायट्राइट करणारे) आणि नायट्रोस्पायरा ही नावे असतील, उत्पादनाची तारीख जवळची असेल आणि बाटली थंड जागी ठेवलेली असेल तर आशा आहे. नुसते बॅसिलसचे प्रकार लिहिले असतील तर ते गाळ कुजवणारे आहेत, अमोनियाशी त्यांचा संबंध नाही. बाटली घातली तरी वर दिलेली २४ तासांची कसोटी घ्याच.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ओळखीच्या कुणाच्या निरोगी, चालत्या टाकीतला फिल्टरचा स्पंज. निम्मा तुकडा पुरतो. तो त्याच टाकीच्या पाण्यात ओला ठेवून, वर भरपूर हवा सोडलेल्या पिशवीतून आणा आणि दोन-तीन तासांत आपल्या फिल्टरमध्ये बसवा. अशाने आठवड्या-दोन आठवड्यांत काम होऊ शकते. जुन्या टाकीचे बाटलीभर पाणी आणून काही साधत नाही, जिवाणू पाण्यात नसतातच. आणि ज्या टाकीत गेल्या दोन महिन्यांत आजार झाला तिथला स्पंज फुकट मिळाला तरी नको.

प्रश्न: टाकीत आठ मासे आधीच सोडले आहेत. सहाव्या दिवशी ते वर येऊन तोंड उघडमीट करतात. अमोनिया १ पीपीएम. वाचवता येतील का?

उत्तर: येतील, पण आजच हालचाल करा. हे वाचून झाल्यावर पहिली गोष्ट म्हणजे निम्मे पाणी बदलणे. नवे पाणी डीक्लोरिनेट केलेले आणि तेवढ्याच तापमानाचे हवे.

मग पीएच मोजा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम फारसा त्रास देत नाही, मोकळा अमोनिया कल्ले जाळतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त भाग मोकळा असतो. पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांहून अधिक. म्हणजे किटवर तोच १ पीपीएम, पण दुसऱ्या टाकीत तो नऊ पट विषारी. पीएच वाढवणारे काहीही सध्या घालू नका, सोडाही नाही. तुमच्या टाकीचा पीएच नळाच्या पाण्यापेक्षा बराच खाली गेला असेल तर निम्म्याऐवजी पाव-पाव पाणी, काही तासांच्या अंतराने बदला.

दोन दिवस खाणे बंद. मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. नंतर दिवसाआड, मिनिटाभरात फस्त होईल एवढेच. अमोनिया आणि नायट्राइट यांची बेरीज अर्ध्या पीपीएमवर गेली की त्या दिवशी ३० ते ५० टक्के पाणी बदला. पुढचे महिनाभर हे रोजचे काम होईल असे धरून चला. शक्य असेल तर निम्मे मासे कुणाच्या तयार टाकीत ठेवायला द्या. भार निम्मा झाला की पाणी बदलण्याचे कामही निम्मे होते.

दोन-तीन आठवड्यांनी अमोनिया उतरेल आणि नायट्राइट वर येईल. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला बांधतो, रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो तो यामुळे. इथे साधे मीठ उपयोगी पडते. त्यातला क्लोराइड कल्ल्यांत नायट्राइटची वाट अडवतो. दहा लिटरला एक ग्रॅम, म्हणजे तुमच्या ५० लिटरला पाच ग्रॅम, विरघळवून घाला. जेवढे पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा टाका. अमोनियावर मात्र मिठाचा इलाज चालत नाही.

मासे आजारी दिसतात म्हणून प्रतिजैविके ओतू नका. बरीच औषधे आधीच तुरळक असलेले जिवाणूही मारतात, मग सायकल पहिल्यापासून.

प्रश्न: भरपूर वनस्पती लावल्या तर सायकलची गरज उरत नाही, हे खरे का?

उत्तर: बऱ्याच अंशी खरे आहे, अट एवढीच की वनस्पती भराभर वाढणाऱ्या हव्यात. हायड्रिला, हॉर्नवर्ट, वॅलिसनेरिया, पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती अमोनियम थेट शोषतात. तळाचा अर्ध्याहून अधिक भाग त्यांनी झाकला असेल आणि नवी पाने फुटताना दिसत असतील तर दोन-तीन आठवड्यांनी थोडे मासे सोडता येतात, किटवर लक्ष ठेवून. एक-दोन अनुबियास किंवा जावा फर्न हळू वाढतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. वनस्पतींसाठीची खास माती घातली असेल तर तीच काही आठवडे अमोनिया सोडते. अशा टाकीत वरून डोस द्यायचा नाही, फक्त मोजत राहायचे.

प्रश्न: दोन महिने सगळे ठीक होते. फिल्टर नळाखाली स्वच्छ धुतला, आतला काळा स्पंज फेकून नवा बसवला, आणि तिसऱ्या दिवशी मासे दगावले. असे का?

उत्तर: त्या काळ्या स्पंजमध्येच तुमची सायकल होती. क्लोरिनच्या पाण्याने आणि नव्या स्पंजने ती एका दमात गेली. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा, एवढीच सफाई पुरे. तो तपकिरी राहिला तर राहू द्या. पाण्याचा प्रवाह मंदावला की साफ करा, ठरावीक तारखेला नव्हे. स्पंज फाटायलाच आला असेल तर नवा त्याच्या शेजारी महिनाभर चालवा, मग जुना काढा.

याच्याच जोडीला वीज जाण्याचे. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी थांबले की काही तासांत आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. चार-सहा तासांनी वीज आली तर तो तसाच सुरू करू नका, नाहीतर आतले कुजलेले पाणी थेट टाकीत येईल. आधी उघडा, ते पाणी ओतून द्या, स्पंज आणि रिंग टाकीच्या पाण्यात हलकेच खळबळा, मग चालू करा. वारंवार वीज जात असेल तर जोडीला एक स्पंज फिल्टर आणि बॅटरीवरचा एअर पंप ठेवावा.

प्रश्न: सायकल पूर्ण झाली. पहिले मासे कोणते, किती आणि कसे सोडावेत?

उत्तर: २ पीपीएम अमोनिया दिवसात पचवणारी टाकी ५० लिटरला शोभतील एवढे मासे एकदम सांभाळू शकते. तरीही दोन टप्प्यांत आणा. आधी सहा झेब्रा डॅनिओ, किंवा पाच नर गप्पी. तीन-चार आठवड्यांनी दुसरा गट. निऑन टेट्रा दोन-तीन महिने मुरलेल्या टाकीत जास्त चांगले टिकतात. फायटर ठेवायचा तर एकच, आणि गप्पींच्या सोबत नको. गोल्डफिश या मापाच्या टाकीत घेऊ नयेत. ते मोठे होतात आणि घाणही फार करतात. एंजल माशाला ही उंची अपुरी पडते.

दिवा बंद करा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळेल. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धा कप टाकीचे पाणी आत घाला, तीन-चार वेळा. मासे अनेक तासांच्या प्रवासातून आले असतील तर हे लांबवू नका. पिशवीत अमोनिया साठलेला असतो आणि पीएच खाली गेलेला असतो. उघडल्यावर आतला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी तापमान जुळले की लगेच जाळीने मासे उचला. पिशवीतले पाणी कोणत्याही परिस्थितीत टाकीत ओतू नका.

त्या दिवशी खाद्य नको. दुसऱ्या दिवशी चिमूटभर. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्य असतील तर पुढे दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या आत, जमल्यास २० च्या आत ठेवा. अमोनिया किंवा नायट्राइट पाव पीपीएम जरी दिसला तरी दुसरा गट पुढे ढकला, खाद्य निम्मे करा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा.